ढोर सोलणाऱ्याची तिपाई

लिहून ठेवणार : व्यंकटराव मारोती सोनकांबळे, वय सत्त्याहत्तर, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला व्रणोपचारक, राहणार देवणी, जिल्हा लातूर. व्रणोपचारक म्हणजे जनावराची जखम धुऊन पट्टी बांधणारा. हुद्दा मोठा वाटतो म्हणून खुलासा केला.

कारणे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे आणि हा मजकूर सांगताना माझ्यावर कोणी दाब टाकलेला नाही. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला माणसांच्या डॉक्टरांचा आहे. माझी पस्तीस वर्षे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली गेली आणि मला ओळखतात तेच जास्त, पण वकीलबाई म्हणाल्या की त्यांचा दाखला चालणार नाही. वकीलबाईंचे नाव शिल्पा. त्या उदगीरहून आल्या आहेत, मी सांगतो ते लिहून घेत आहेत आणि मधूनमधून हे लिहू नका, ते लिहू नका असे सांगत आहेत. जे लिहिलेले दिसेल ते त्यांच्या सल्ल्याविरुद्ध आहे असे समजावे.

घर, ठेव आणि हत्यारे यांची वाटणी एका कागदात झाली असती. बाकीचा मजकूर एका माणसासाठी आहे. किशनराव बिरादार, राहणार शिरूर अनंतपाळजवळ. हा माणूस तेरा वर्षे माझ्यासोबत रंगमंचावर उभा राहिला आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षे माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. शेवटच्या प्रयोगात मी त्याला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला जिवंतपणी मिळावे, एवढीच आता माझी इच्छा उरली आहे. मी ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे आणि तो उंबरठा ओलांडून बसला आहे, त्यामुळे घाई आहे.

कलम एक. देहाबद्दल. मी गेल्यावर त्रिशरण आणि पंचशील म्हणावे, दहन करावे आणि लोकांना लवकर घरी जाऊ द्यावे. पुढाऱ्यांना भाषण करू देऊ नये. एकाला दिले की चौघे उठतात. जे माझ्या विनोदांवर कधी हसले नाहीत त्यांनी माझ्या मयतीत रडण्याची तसदी घेऊ नये. यातून माझी पत्नी पंचशीला हिला सूट आहे. बावन्न वर्षांत ती फक्त एकदा हसली, आणि तेव्हा मी विनोद केला नव्हता, बैलाने मला शेणात पाडले होते.

कलम दोन. घराबद्दल. देवणीतील दोन खोल्या, पुढची पत्र्याची ओसरी आणि मागचे लिंबाचे झाड हे सर्व पंचशीलाच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यानंतर आमचा एकुलता मुलगा प्रीतम याचे. प्रीतम नांदेडला नोकरीत आहे. आईला तिकडे न्यायची त्याची इच्छा आहे. न्यायचे तर तिला विचारून न्यावे. ती पटकन हो म्हणाली तर पुन्हा विचारावे, कारण ती पाहुण्यांसमोर कशालाही हो म्हणते.

प्रीतमने माझे एकही नाटक पाहिले नाही. याबद्दल मी त्याला माफ केले आहे असे लिहा, म्हणून मी वकीलबाईंना सांगितले आणि त्यांनी तसे लिहिलेही. मग मी ते खोडायला लावले. शाळेत पोरे त्याला ‘गोटीबाचं पोरगं’ म्हणून चिडवायची, म्हणून तो हट्ट करून वसतिगृहात राहायला गेला. आणि त्याच्या लग्नात भर मांडवात मी नवरदेवाची नक्कल केली. मांडव हसून लोळला. नवरदेव तेवढा हसला नाही. तेव्हा माफी मागायची असेल तर ती माझ्याकडून निघते आणि ती मी या कागदावर मागतो. मला हशा मिळतो तिथे मी थांबत नाही, हा माझा दोष आहे. हा दोष पुढे पुन्हा येणार आहे.

कलम तीन. ठेव आणि हत्यारे. बँकेतली ठेव आणि माझ्यामागे मिळणारे निवृत्तिवेतन पंचशीलाचे. गोऱ्हे खच्ची करण्याचा मोठा चिमटा माझ्या स्वतःच्या पैशाचा आहे, सरकारी नाही, पावती डब्यात आहे. तो पुतण्या शिवशंकर याला द्यावा. तो हे काम खाजगीत करतो आणि लहान चिमट्याने करतो, म्हणून जनावराला दोनदा त्रास होतो. तो चिमटा मागायला एकदा एक माजी सरपंचही आले होते. त्यांना कशासाठी हवा होता हे मी विचारले नाही, पण त्यांना देऊ नये.

कलम चार. भिंतीवरच्या तसबिरीबद्दल. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक लहान पोस्टकार्ड काचेत बसवलेले आहे. त्यात एक गोरा, जाडा, मोठ्या कानांचा माणूस लहानशा तीन पायांच्या स्टुलावर बसला आहे. घरी येणारे लोक विचारतात की हे कोण. हे गोट्लीब श्ट्रुंक. जर्मनीतले विनोदी नट आणि फार्सांचे लेखक, वारून दीडशे वर्षे होऊन गेली. देवणीच्या लोकांनी पहिल्याच प्रयोगात त्यांचे गोटीबा करून टाकले आणि तेच नाव मला चिकटले. ही तसबीर काढू नये. यांचे माझे काय नाते, ते नातवंडांना कळावे म्हणून इथे लिहितो.

माझे वडील मारोती गावची मेलेली ढोरे ओढायचे. छप्पन साली त्यांनी ते काम सोडले आणि ओढायची दोरी चुलीत घातली. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ओला सोल, म्हणजे जाड दोर होता, तो जळता जळेना, घरभर धूर झाला, आणि आई खोकत खोकत हसत होती. पुढे मला नोकरी मिळाली तीही जनावरांच्याच दवाखान्यात. बापाने मेलेली ओढली आणि मी जिवंत धरली, एवढा एका पिढीत फरक पडला.

त्र्याऐंशी साली देवणी जातीच्या गाईबैलांचा अभ्यास करायला एक जर्मन डॉक्टरीण आमच्या दवाखान्यात आली. हेल्गाबाई. जनावर मी धरायचे आणि बाईने मापे घ्यायची, असे तीन महिने चालले. तिने पुस्तकातून शिकलेले हिंदी आणि माझे दखनी यांची गाडी बरी चालायची. एके दिवशी कोणाची तरी गाय मेली, आणि ती उचलायला कोण जाणार यावरून दवाखान्याच्या दारात बाचाबाची झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी जागचा हललो नाही. बाईने विचारले काय झाले. मी सांगितले. सगळे सांगितले, बापाची दोरी धरून.

बाईने मापासाठी उभ्या केलेल्या गाईच्या अंगावरच्या माशा उडवल्या. मग म्हणाली, “हमारा घर भी यही काम करता था. मरा जानवर.”

मला वाटले हिंदी चुकले असेल. चुकले नव्हते. तिच्या आजीचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरे उचलून सोलणारे होते. त्यांच्याशी कोणी सोयरीक करायचे नाही. त्यांचे घर वेशीबाहेर. खाणावळीत त्यांना इतरांशेजारी बसता येत नसे. दाराजवळ त्यांच्यासाठी वेगळी तिपाई ठेवलेली असायची, तीन पायांची, आणि त्यांचा प्यायचा पेला खुंटीला वेगळा टांगलेला. दुसऱ्या कोणी त्या तिपाईला चुकून हात लावला तर तो आपल्या धंद्याच्या जमातीतून बाद व्हायचा.

मी त्या गाईची शेपटी हातात धरून उभा होतो. मला वाटायचे की हे फक्त आपल्याकडे आहे. समुद्रापार, बर्फात, गोऱ्या कातडीच्या माणसांनी गोऱ्या कातडीच्या माणसांसाठी वेगळा पेला टांगून ठेवला होता, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्याहून मोठा काटा पुढच्या वाक्याला आला. मी विचारले, आता तुमच्याकडे काय आहे? बाई म्हणाली, “अब किसी को याद भी नहीं.” विसरूनसुद्धा जाता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

बाईने सांगितले, गोट्लीब श्ट्रुंक याच घराण्यातले. पंधराव्या वर्षी नाटकवाल्यांच्या गाडीत बसून पळाले. मोठे झाल्यावर दरबारी भाषेत न लिहिता आपल्या बाजारातल्या बोलीत फार्स लिहू लागले. शिकलेले लोक नाक मुरडायचे आणि तिकीट काढून यायचे. त्यांचा सगळ्यात गाजलेला फार्स तिपाईचा. राज्याचा राजा वेष पालटून खाणावळीत येतो, सगळी बाके भरलेली, मोकळी फक्त ढोर सोलणाऱ्याची तिपाई, आणि गोट्लीब गोड बोलून राजाला तिच्यावर बसवतात. त्या काळी तिकडे असा कायदा होता की नटाने वहीत लिहिलेले सोडून एक अक्षर बोलायचे नाही. पोलिस वही मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायचा. एका प्रयोगाला खरा राजा सज्जात येऊन बसला. गोट्लीबनी तिपाई बाहीने पुसली आणि सज्जाकडे बघून वहीत नसलेले एक वाक्य म्हटले, “सरकार, जागा धरून ठेवली आहे.” त्या वाक्याला पाच दिवसांची कोठडी मिळाली.

सुटून आल्यावर पुन्हा तोच फार्स लागला. पोलिस वही घेऊन बसलेला. गोट्लीब तिपाईपाशी आले, बाहीने ती पुसली, आणि गप्प उभे राहिले. काही बोलले नाहीत. आणि नाट्यगृहातली आठशे माणसे एका आवाजात म्हणाली, सरकार, जागा धरून ठेवली आहे. आठशे माणसांना कोठडीत कसे घालणार? पोलिसाने वही मिटली.

हे मी शंभर वेळा सांगितले असेल. माणूस काही न बोलता इतके बोलू शकतो, याचे मला अजून नवल वाटते. मी जन्मभर बडबड केली, आणि तसे गप्प उभे राहणे मला एकदाही जमले नाही.

कलम पाच. वहीबद्दल. हेल्गाबाई ते पोस्टकार्ड देऊन गेल्यावर मी गोट्लीबचे चरित्र आपल्या बोलीत वगासारखे लिहून काढले. नाव ‘तिपाई’. चौऱ्याऐंशी ते सत्त्याण्णव, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत त्याचे दोनशेच्या वर प्रयोग झाले. त्याची लाल वही माझी नात बुद्धप्रिया हिला द्यावी. ती नांदेडला शिकते आणि कॉलेजच्या एकांकिकेत काम करते. हे तिच्या बापाला माहीत नाही. आता कळेल.

बुद्धप्रियाने वही उघडली की तिला वाटेल पाने फाटली आहेत. फाटलेली नाहीत. आमच्याकडे राजाचे, शिपायाचे, खाणावळवालीचे बोलणे लिहितात, सोंगाड्याचे लिहीत नाहीत. सोंगाड्याने समोरचा गाव बघून तिथल्या तिथे बोलायचे असते. म्हणून गोटीबाची जागा सगळीकडे कोरी आहे. तिच्या आजीला किंवा आमच्या पेटीवाल्या चन्नबसप्पाला विचारून माझे जुने बोलणे त्या कोऱ्या जागेत भरू नये. तिने तिचे बोलावे. मी जे बोललो ते त्या त्या गावात संपले.

कलम सहा. किशनराव बिरादार यांच्याबद्दल. हे कलम लिहू नका, मृत्युपत्रात भांडण नसते, असे वकीलबाईंनी दोनदा सांगितले. लिहिले आहे.

किशनरावांचे घर पाटलाचे, मोठ्या जमिनीचे. दावणीला देवणी बैलांच्या दोन जोड्या असायच्या. बैलाच्या खांद्याची जखम घेऊन ते दवाखान्यात आले. सहा फूट उंच, मिशी अशी की राजाला वेगळी लावायची गरज नाही. मी पट्टी बांधता बांधता विचारले, “नाटकात राजा व्हता का?” ते म्हणाले, “बोलावं लागतंय का लई?” मी म्हटले, थोडेच. तालमीच्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारले की ही तिपाई कोणाची म्हणून दाखवायची आहे. मी सांगितले, ढोर सोलणाऱ्याची. ते क्षणभर थांबले आणि बसले. पाटलाच्या घरचा माणूस माझ्या सांगण्यावरून तिच्यावर बसला, हे बघायला तालमीच्या खिडकीत आमच्या वस्तीतली माणसे गोळा झाली होती. दुसऱ्या दिवशी माझी आईसुद्धा आली.

आणि नट काय होते! सोंगाड्याच्या समोर उभा राहणारा माणूस हसला की विनोद मेला. किशनराव तेरा वर्षांत एकदाही हसले नाहीत. मी सगळे करून पाहिले. त्यांच्या मिशीवरून, बैलावरून, सासऱ्यावरून बोललो. दोन हजार माणसे पोट धरून लोळायची आणि हा माणूस दगडी चेहऱ्याने मला विचारायचा, “पुढं?” त्या एका ‘पुढं’वर आणखी एक हशा यायचा. माझे निम्मे नाव त्यांच्या गप्प चेहऱ्यावर उभे होते. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, आज सांगतो.

सत्त्याण्णव साली एका जत्रेत आमचा दुपारचा प्रयोग होता. गावाचे नाव लिहीत नाही. तिथली आताची पोरे माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांची काही चूक नाही. प्रयोगाआधी मंडळींचे जेवण एका मोठ्या घरी होते. हात धुऊन सगळे ओसरीवर चढले. मीही एक पायरी चढलो. घरधनी हात जोडून, अगदी गोड आवाजात म्हणाले, “व्यंकटराव, तुमची सोय तिकडं केली हाय.” तिकडे म्हणजे गोठ्यात. मी आणि आमच्याच वस्तीतला ढोलकीवाला, दोघांची पाने गोठ्यात मांडली होती.

गोठ्याच्या दारातून ओसरी दिसत होती. किशनराव पाटावर बसले होते, माझ्याकडे तोंड करून. त्यांनी मला पाहिले. आमची नजर एकदा भेटली. मग त्यांनी मान खाली घातली आणि जेवत राहिले. दोनशे वेळा माझ्या तिपाईवर बसलेला माणूस त्या दिवशी पाटावरून उठला नाही.

मीही जेवलो. हे लपवत नाही. भूक लागली होती आणि तीन वाजता प्रयोग होता. पान ढकलून उठून जाता आले असते, माझ्या बापाने तर दोरी जाळली होती. मी भाकरी मोडून खाल्ली आणि मनात वाक्य जुळवत बसलो.

प्रयोगात खाणावळीचा प्रवेश आला. राजा वेष पालटून आला, जागा शोधू लागला. आता मी तिपाई पुसायची आणि बसा म्हणायचे. मी तिपाई पुसली आणि म्हणालो, “सरकार, तुमचं जेवन झालं का?”

किशनरावांच्या तोंडचे पुढचे वाक्य वहीत होते, पण ते या प्रश्नाला लागू पडत नव्हते. ते उभे राहिले. मी पुन्हा विचारले. त्यांचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. लोकांना वाटले की राजाची बोलती बंद झाली, नाटकच आहे. हशा सुरू झाला. मी हात जोडून घरधन्याच्या गोड आवाजात तिसऱ्यांदा विचारले, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा मला त्या गावात मिळाला. तो वाढतच गेला. घरधनीसुद्धा पहिल्या रांगेत डोळे पुसत हसत होते. त्या हशात किशनराव तिपाईवर न बसता आत निघून गेले.

त्यानंतर ‘तिपाई’ लागले नाही. राजा दुसरा मिळाला असता. मी शोधला नाही.

अठ्ठावीस वर्षे मी हा प्रश्न सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आहे. जो प्रश्न मी त्यांना एकट्याला विचारायचा, तो दोन हजार लोकांत विचारला, आणि हशा आल्यावर थांबलो नाही. हे माझे. पण प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर हो की नाही एवढेच आहे. मला माफी नको, कारणे नकोत. त्यांनी ते एकदा आपल्या तोंडाने म्हणावे.

कलम सात. तिपाईबद्दल. चंद्रप्पा सुताराने बाभळीची करून दिलेली तिपाई ओसरीवर आहे. एक पाय थोडा आखूड आहे. ती किशनराव बिरादार यांना द्यावी. द्यायला प्रीतमने स्वतः जावे आणि ती त्यांच्या अंगणात ठेवून यावी. ते काही बोलले तर मला कळायचे नाही, पण पंचशीलाला येऊन सांगावे.

पुरवणी. आजच्याच तारखेची. वरचा मजकूर पुरा होऊन सह्यांची वेळ झाली होती. एक साक्षीदार चन्नबसप्पा हुडगे, आमच्या मंडळाचे पेटीवादक, हजर होते. दुसरे साक्षीदार म्हणून दवाखान्याचे डॉक्टर यायचे होते. तेवढ्यात दारात एक स्कूटी थांबली. चालवणारी कोणाची तरी नातसून होती आणि मागे दोन्ही पाय एका बाजूला टाकून किशनराव बसले होते. चन्नबसप्पांना मी तिपाईचे कालच सांगितले होते, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

उंची कमी झाली आहे. मिशी तशीच आहे, पांढरी. ते ओसरीची पायरी चढले आणि माझ्यासमोर बसले. पंचशीलाने पाणी आणले. ते प्याले.

“तिपाई देऊन राहिलाव म्हणं मला,” ते म्हणाले.

“हाव.”

“वाचा की मग काय लिवलंय ते.”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी पहिल्या अक्षरापासून वाचले. माजी सरपंचाच्या चिमट्याला चन्नबसप्पा हसले, किशनराव हसले नाहीत. सहावे कलम चालू असताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोच दगडी चेहरा. तेरा वर्षांत मला तो वाचता आला नव्हता, आजही आला नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “साक्षीदार कोन कोन?”

वकीलबाईंनी सांगितले.

“डाक्टराला नगं बलावू. म्या करतो सही.”

वकीलबाई म्हणाल्या की ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याची सही मी साक्षीदार म्हणून घेत नाही, उद्या कोणी बोट दाखवेल. एक तर तिपाई घ्या, नाहीतर साक्षीदार व्हा.

“म्हंजे सही केली तर तिपाई न्हाई.”

“नाही.”

“मग खोडा ते सातवं.”

मी म्हणालो, “किशनराव, आवो घ्या की. तुमच्यासाठीच ठिवली व्हती.”

“त्याच्यावर म्या लई बसलो, व्यंकटराव,” ते म्हणाले. “दोनशे बार बसलो. समदे टाळ्या वाजवायचे. काय लागत न्हाई वो नाटकात बसायला.” मग म्हणाले, “ज्या दिशी लागलं असतं, त्या दिशी तुमच्यापाशी बसलो न्हाई.”

मी सोंगाड्या आहे. समोरच्याने वाक्य टाकले की माझे पुढचे तयार असते. या वाक्याला माझ्याकडे काहीच नव्हते. मी गप्प बसलो.

सबब कलम सात रद्द समजावे. तिपाई वहीसोबत बुद्धप्रियाला द्यावी.

वकीलबाईंनी किशनरावांना समजावले की साक्षीदाराने फक्त एवढेच सांगायचे असते की लिहून ठेवणाराने माझ्यादेखत सही केली. मजकूर खरा की खोटा याच्याशी साक्षीदाराचा संबंध नसतो. किशनरावांनी सगळे ऐकून घेतले आणि नावाच्या वर चार ओळी जागा सोडायला सांगितली. काय लिहिणार हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. सह्यांचे पान माझी सही होऊन त्यांच्याकडे गेले आहे, हे आधीच्या पानावर लिहिले जात आहे. त्यांना अक्षर काढायला वेळ लागतो. आम्ही सगळे थांबलो आहोत. मला चष्मा लावूनही इथून दिसत नाही, आणि उठून बघायचे धाडस होत नाही. लिहून झाले की वकीलबाई वाचून दाखवतील.

हे मृत्युपत्र मी देवणी मुक्कामी माझ्या राहत्या घरी, रविवार, दिनांक ७ डिसेंबर २०२५ रोजी, साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले. याआधी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द.

(सही) व्यंकटराव मारोती सोनकांबळे

साक्षीदार पहिला : व्यंकटरावांनी माझ्यादेखत सही केली.
(सही) चन्नबसप्पा हुडगे

साक्षीदार दुसरा : व्यंकटरावांनी माझ्यादेखत सही केली. सहाव्या कलमातली हकीकत खरी आहे. ते गोठ्यात बसलेले मला दिसत होते. माझे जेवण झाले होते. मला कोणी धरून ठेवले नव्हते, उठता येत होते.
(सही) किशनराव बिरादार